पापडीच्या आजारपणाचा श्रावण

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या बाल्कनीत ऊन आलं. पाच दिवसांनी आलं. मी कणीक मळत होते. परात तशीच ठेवली, हात धुतले आणि पापडीला उचलून बाल्कनीतल्या टबात नेऊन ठेवलं. टबाच्या अर्ध्या भागावर ऊन, अर्ध्यावर गोणपाटाची सावली, मधे विटेचा चढ. ती सावकाश विटेवर चढली, मान जमेल तेवढी लांब केली, मागचे दोन्ही पाय हवेत ताणले आणि डोळे मिटून घेतले. पोहता पोहता कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हणावं तशी.

उन्हाळ्यात हेच ऊन दिवसभर दारात बसलेलं असतं आणि आपण पडदे ओढून त्याला बाहेर ठेवतो. श्रावणात मात्र ते आमच्याकडे थोर पाहुण्यासारखं येतं. सगळं घर त्याच्या तैनातीला. बोईसरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ते आठ ते साडेनऊ एवढंच थांबतं, तेही ढगांची मर्जी असेल तर. पूर्वी ते कधी येतं, कधी जातं, मला ठाऊकही नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणानं ते शिकवलं.

पापडी आमच्या घरी आली तेव्हा पेढ्याएवढी होती. कानामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या रेघा. जुई, माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून तिनं हट्टानं ते कासवाचं पिल्लू आणलं आणि हिरवं-चपटं म्हणून वालाच्या पापडीवरून नाव ठेवलं. पुढच्या सहा-सात वर्षांत पापडी पातेल्यावरच्या झाकणाएवढी झाली आणि जुई कॉलेजसाठी नाशिकला गेली. जाताना तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला. पाणी केव्हा बदलायचं, बल्ब किती वेळ लावायचा, खायला काय काय. मी तो एकदा वाचला. पालघरच्या ऑफिसातून दमून घरी आल्यावर फ्रिजवरचे कागद कोण वाचतं? जूनमध्ये टबावरचा बल्ब गेला. उद्या आणू म्हटलं. मग पाऊस लागला, आणि तो उद्या काही आला नाही.

आषाढात माझ्या सासूबाई राहायला आल्या. त्या मुरब्याच्या, समुद्रकाठच्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. पावसाच्या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, मासळी नाही, त्यात गुडघा धरलेला. तेव्हा मुलानं, म्हणजे नितीननं, त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आई आमच्याकडे सलग चार दिवस कधी राहिल्या नव्हत्या. भांडण असं काही नव्हतं. मी शिरगावच्या वाडीतली, नारळी-केळीत वाढलेली. लग्न आम्ही आमच्या मनानं केलं. त्यांनी ते मान्य केलं, पण माझ्याशी बोलताना त्या दाराशी उभ्या राहिलेल्या बाईसारख्या बोलायच्या. दोन वाक्यं, आणि निघायची घाई.

घरात पाऊल टाकल्यावर त्यांची नजर पहिली टबावर गेली.

“देवाला टबात ठेवलाय?”

“जुईची आहे, आई. पापडी.”

“नाव पन ठेवलाय,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून लांब बसल्या. मग दोन दिवसांनी, आपणहून, त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांच्या जाळ्यात समुद्रातलं मोठं कासव अडकून आलं होतं. जाळं नवं होतं. वडिलांनी ते कोयत्यानं कापलं, आईनं कासवाच्या पाठीवर हळद-कुंकू वाहिलं, आणि चौघांनी मिळून त्याला पाण्यात ढकललं. “मी रडत होते,” त्या म्हणाल्या. “सगल्यांना वाटला, भक्तीनं रडते. मी जाल्यासाठी रडत होते. देवाला आमचाच जाला गावला!” हे सांगताना त्या इतक्या हसल्या की मीही हसले, आणि बावीस वर्षांत आम्ही दोघी बहुधा पहिल्यांदाच एका गोष्टीला हसत होतो.

तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. श्रावण लागून आठवडा झाला होता, अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, दुपारी बारालाही घरात दिवा. मी ऑफिसातून आले तर आई टबापाशी स्टुलावर बसलेल्या.

“वैशाली, हिकडं ये. ही कललीय.”

पापडी पाण्यावर तरंगत होती. डावी बाजू खाली, उजवी वर.

“खेळत असेल, आई.”

“नाय ग. होडीत एका अंगाला पानी भरला का होडी अशीच चालते. हिच्या आतमदी एका अंगाला कायतरी भरलाय.”

मी वाकून बघितलं. आणि मग जे आठवडाभर माझ्या समोर होतं ते मला एकदम दिसायला लागलं. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. नाकपुडीपाशी बारीक बुडबुडा, फुटतोय, पुन्हा येतोय. मान वर करून ती तोंड उघडत होती, जांभई दिल्यासारखी, आणि मिटताना बारीक ‘टिक’ असा आवाज. टबाच्या कोपऱ्यात चार दिवसांचा जवळा तसाच फुगून पडलेला. मला वाटलं होतं, पावसाळा आहे, सुस्तावली असेल. माणसंसुद्धा सुस्तावतात.

सात वाजता जुईचा फोन आला. रोजचा पहिला प्रश्न, “पापडी काय करतेय?” आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “झोपली हाय.” डोळे मिटलेले होते, तेव्हा तसं ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बादलीत ओला टॉवेल, टॉवेलवर पापडी, आणि आम्ही दोघी गुरांच्या दवाखान्यात. रांगेत दोन बैल, एक वासरू, कोंबड्यांची पाटी आणि डोंगराकडच्या गावातून आलेली एक बाई, शेळी घेऊन. तिनं बादलीत डोकावून बघितलं.

“याला काय झालाय?”

“सर्दी छातीत उतरलीय बहुतेक,” मी म्हटलं.

“माझ्या शेळीला बी तेच!” ती म्हणाली, आणि लगेच सरकून आम्हाला बाकावर जागा दिली. एकाच दुखण्याची माणसं भेटल्यावर जी आपुलकी वाटते, ती तिच्या चेहऱ्यावर होती.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आणि सरळ. “खरं सांगू का,” ती म्हणाली, “परीक्षेत कासवावर एकच प्रश्न होता आणि तो मी ऑप्शनला टाकला होता.” पण तिनं आम्हाला परत पाठवलं नाही. मुंबईत असेच प्राणी-पक्षी बघणारी तिची एक डॉक्टर मैत्रीण होती, तिला व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या पलीकडची मैत्रीण एकेक सांगत गेली, इकडची डॉक्टर एकेक तपासत गेली. तिरकं तरंगणं, नाकातले बुडबुडे, उघडं तोंड म्हणजे फुप्फुसाला संसर्ग. थंड पाणी आणि बंद पडलेला बल्ब यांची देणगी. डोळ्यांची सूज एकसुरी खाण्यामुळे, जीवनसत्त्व अ कमी पडल्यामुळे. मग तिनं कवचाची कड हलकेच दाबायला सांगितली. कड किंचित लवली. ऊन नाही, कॅल्शियम नाही, म्हणून पाठ मऊ पडायला लागली होती.

“खायला काय घालता?” मैत्रिणीनं विचारलं.

“सुका जवळा.”

“रोज नुसता जवळा? तुम्ही खाल का रोज नुसता जवळा?”

“खाऊ की!” आई मागून म्हणाल्या.

पलीकडे मैत्रीण हसली, इकडे डॉक्टर हसली, शेळीवाली बाई दारातून हसली. मी मात्र हसू शकले नाही. फ्रिजवरचा कागद डोळ्यांसमोर आला होता. त्यावर सगळं होतं. पालक नको पण लाल माठ चालेल, गाजर, लाल भोपळा, काट्यासकट बारीक मासळी, आणि खाली दोन रेघा मारून: बल्ब रोज.

औषधाचा डोस वजनावर, आणि दवाखान्यातला काटा बैल-म्हशींचा. पापडीला ठेवलं तर आकडाच हलेना. आईंनी तिला दोन्ही तळहातांवर घेतलं, एकदा वर-खाली केलं आणि म्हणाल्या, “सव्वा किलो. दहा-वीस ग्राम कमीच.” डॉक्टरनं शंका नको म्हणून समोरच्या वाण्याच्या काट्यावर मोजून आणायला सांगितलं. एक किलो दोनशे चाळीस. त्या दिवसापासून डॉक्टर आईंना ‘मावशी’ म्हणायला लागली.

दर तिसऱ्या दिवशी पुढच्या पायात इंजेक्शन, डोळ्यांत थेंब. जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टर देईल तेवढाच, जास्त झाला तर उलटं नुकसान. दिवसातला बराच वेळ कोरड्या, उबदार जागी. थोडा वेळ कोमट, उथळ पाण्यात. पाणी अठ्ठावीस अंशांच्या खाली जायला नको. आणि ऊन. “काचेतून आलेलं नाही हं,” मैत्रिणीनं बजावलं. “थेट अंगावर. पण शेजारी सावली पाहिजे, नाहीतर भाजून निघेल. आणि हात लावला की साबणानं हात धुवा, दोघीही.”

नितीननं त्याच संध्याकाळी उबेचा बल्ब आणला, उन्हाची कमी भरून काढणारी वेगळी नळीही मागवली. पण खरं ऊन कुठून मागवणार?

आजारपण घरात आलं की सल्ले पायऱ्या चढून येतात. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकू म्हणाल्या, पाठीला खोबरेल चोळा. कुणी म्हणालं हळदीचा लेप. डॉक्टरनं दोन्हीला नाही सांगितलेलं, त्यामुळे मी नुसती मान हलवत होते. पण तिसरा सल्ला घरातूनच आला.

“तलावात सोड तिला,” आई म्हणाल्या. “देवाची वस्तू. मरायचीच तर पान्यात मरंल.”

“मरणार नाही ती,” मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढला. “आणि ती इथली नाही, आई. परदेशी जात आहे. डॉक्टरनं सांगितलं ना, तळ्यात सोडली तर आपल्या कासवांचं खाणं खाईल, आजार देईल. आपली इथली कासवं घरात ठेवायची नाहीत आणि ही बाहेर सोडायची नाही.”

आईंनी टबात डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, “म्हंजे हिला घरच नाय दुसरा.”

“नाही.”

“मंग गप्प बस. रडू नको.” मी रडत होते हे मला तोवर कळलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेला त्या मुरब्याला गेल्या. होड्या लोटायच्या, नारळ वाहायचा. त्या दिवशी त्या घरी नाहीत असं कधी झालं नव्हतं. जाताना पिशवी भरून घेतली, गोधडीही घेतली. गुडघा बरा होता, मासळीचे दिवस सुरू होणार होते. मी समजले की पाहुणचार संपला. त्या रात्री टबाशेजारची स्टुलाची जागा रिकामी बघून मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं, याचंच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आई, भिजलेल्या, आणि हातात मोठी पिशवी. पिशवीतून त्यांनी पांढऱ्या, होडीच्या आकाराच्या हलक्या चकत्या काढल्या. माकूळ नावाच्या समुद्रजीवाच्या पाठीतलं हाड. समुद्रफेस म्हणतात ते.

“किनाऱ्यावर पडलेला असतो, कोन इचारत नाय. त्या फोनवरच्या बाईनं सांगितला ना, चुना पायजे हिला? पाठीला चुना हाच. पाखरांना पन देतात लोक.” मग खाली बसता बसता म्हणाल्या, “मासली चार दिवस उशिरा विकली तर काय होतंय?”

मी डॉक्टरला विचारून घेतलं. गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा, कडेचा टणक पापुद्रा खरवडा आणि तुकडा टाकून ठेवा, म्हणाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मोरीत बसून चमच्यानं समुद्रफेस खरवडत होतो. पांढरी भुकटी हातांवर, नाकावर. बाहेर पाऊस धो-धो. आई मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या, मी त्यांना माझ्या वडिलांच्या केळीच्या बागेची. स्वयंपाक राहून गेला. नितीन शिफ्टवरून आला आणि त्यानं पिठलं टाकलं.

आणि मग उन्हाची ती पळापळ! श्रावण उतरला, ढग फुटायला लागले. ऊन यायचं, दहा मिनिटं थांबायचं, जायचं. बाल्कनीत असेल तर बाल्कनीत, नाहीतर गच्चीवर. आईंनी गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची मांडली, हातात छत्री. घार आली तर उघडायची, पाऊस आला तर पापडीवर धरायची. सगळ्या इमारतीला वेड लागलं. पाटीलकाकू खालून ओरडायच्या, “वैशाली, अंगणात ऊन पडलंय!” तिसऱ्या मजल्यावरच्या यादवांची सून कपडे वाळत घालता घालता हाक द्यायची, “अम्मा, धूप आ गयी!” आणि बादली घेऊन कुणीतरी जिना चढत किंवा उतरत असायचं. एकदा तर टब गच्चीवर पोचेपर्यंत ऊन समोरच्या इमारतीवर गेलं, आणि समोरच्या गच्चीवरच्या अनोळखी माणसानं हात हलवून बोलावलं, “इकडे आणा, इकडे आहे!”

तिसऱ्या इंजेक्शननंतर बुडबुडे थांबले. पाचव्यानंतर ती सरळ तरंगायला लागली. आईंनी डोळा बारीक करून, एका बाजूनं बघून तसं जाहीर केलं. डोळ्यांची सूज उतरली, एक डोळा अर्धा उघडला. पण खाईना. लाल भोपळा किसून बघितला, गाजर, माठ, मांदेलीचा तुकडा. ती मान आत घ्यायची. डॉक्टर म्हणाली, डोळ्यांनी दिसल्याशिवाय खाणार नाही, धीर धरा. धीर धरणं इतकं दमवणारं काम असतं हे मला माहीत नव्हतं.

गणपतीचे दिवस आले. जुई सुट्टीला आली, आणि दारातच तिला सगळं सांगावं लागलं. ती माझ्यावर रागावली. तिचं बरोबरच होतं. “कागद लावला होता ना, आई,” एवढंच म्हणाली, आणि ते पुरेसं होतं. आई मधे पडल्या नाहीत, माझी बाजू घेतली नाही, फक्त जुईला म्हणाल्या, “तुझ्या आयशीनं चार वेळा रजा टाकली.” जुई तोंड फिरवून टबापाशी जाऊन बसली.

सकाळी पूजेसाठी आईंनी पाटीलकाकूंच्या कुंडीतली जास्वंदीची फुलं आणली. परडी जमिनीवर ठेवली, गुडघा धरून खाली बसल्या. शेजारी पापडी, विटेवर, उबेत. मी समई पुसत होते. जुईनं एकदम माझा दंड धरला.

पापडीचे दोन्ही डोळे उघडे होते. मान हळूहळू बाहेर येत होती, परडीकडे. लालभडक जास्वंद, तिच्या नाकापासून वीतभर. कुणी हललं नाही. तिनं मान ताणली, तोंड उघडलं, चुकली, पुन्हा ताणली आणि पाकळीचा चावा घेतला. कचकन. मग दुसरा.

“आजी, गणपतीचं फूल!” जुई ओरडली.

“खाऊ दे,” आई म्हणाल्या. “त्याला रोज मिलतात.” आणि आपल्या हातानं त्यांनी दुसरं फूल पुढे केलं.

जुई रडत होती, हसत होती, तिनं मला मिठी मारली. पाटीलकाकूंना खाली बातमी गेली, वरती यादवांकडे गेली, डॉक्टरला व्हिडिओ गेला. त्या वर्षी आमच्या गणपतीला जास्वंद कमी पडली, आणि देवानं काही मनावर घेतलं असावं असं वाटत नाही.

त्यानंतर आई दर श्रावणात येतात. आणायला जावं लागत नाही. आता त्या दाराशी उभं राहून बोलत नाहीत. माझ्या डब्यात मीठ जास्त आहे, माझं साड्यांचं कपाट अस्ताव्यस्त आहे, मी फार घाईनं चहा पिते, हे सगळं त्या मला सविस्तर बसून सांगतात. पापडीची पाठ टणक झाली. मऊ पडलेल्या कडेला एक फिकट रेघ राहिली आहे, झाडाच्या खोडात एखादं कमी पावसाचं वर्ष दिसावं तशी. मी अंघोळ घालताना तिच्यावरून बोट फिरवते. मनातल्या मनात माफीही मागते. अजून.

परवा सकाळी दार वाजलं. एक अनोळखी माणूस, एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्यांमधून आलेला, हातात रंगाची रिकामी बादली. बादलीत तळहाताएवढं कासव. पाठीवर पांढुरके डाग, कड मऊ. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या इमारतीत कासववाली अम्मा राहते.

आईंनी चष्मा लावला. कासव हातात घेतलं, डोळे बघितले, नाक बघितलं, पाठीचा वास घेतला.

“क्या खिलाता हाय?”

“चावल, अम्मा. कभी ब्रेड.”

“धूप?”

“कमरे में धूप नहीं आती.”

आई त्याला रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कासवाच्या पायाला हलकेच बोट लावलं. त्यानं पाय झटक्यानं आत ओढला.

“बचेगा क्या?” त्या माणसानं विचारलं. “बेटी ने रो-रो के घर सर पे उठाया है।”

“ताकद हाय अजून. पन ये डॉक्टर का काम हाय, मेरा नाय,” आई म्हणाल्या आणि उठल्या. पायात चपला सरकवल्या, छत्री घेतली, पिशवीत समुद्रफेसाचा एक तुकडा टाकला. “वैशाली, मी जाऊन येते यांच्यासंगती. तो बिचारा तिथं काय सांगनार?”

“आई, गुडघा? आणि चहा?”

पण त्या निघाल्या होत्या. मी बाल्कनीतून बघितलं. तो माणूस बादली छातीशी धरून पुढे, आई मागे, एका हातानं छत्री टेकत. खाली रिक्षा थांबली. आधी त्यांनी त्याला बसवलं, बादली त्याच्या मांडीवर नीट ठेवली, मग स्वतः चढल्या, आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “खड्डे बगून चालव रे. पेशंट हाय.”